मागच्या सीटचं वजन

धोंड्याच्या महिन्यात जावयानं काय मागावं याला काही धरबंध असतो, निदान असावा. अंगठी मागावी, घड्याळ मागावं, फार झालं तर चांदीचं ताट मागावं. नानासोंच्या जावयानं टायर मागितले.

"सोनं नगं मामा," वीरधवल फोनवर म्हणाला. "सोनं आमी रोज वितळवतोय. ह्या अधिकाला चार टायर द्या. साईझ दुकानात ठरवू."

तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. विट्याकडच्या पुष्कळ घरांसारखाच त्यांचाही गलाईचा धंदा, म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करायचं. दुकान कोईमतूरला. ते थोरला भाऊ बघायचा आणि वीरधवल गाडी बघायचा. गाडीतच त्याचा सगळा जीव. स्प्रिंगा बदलून त्यानं ती दोन इंच खाली बसवली होती, कोईमतूरहून आठ इंच रुंदीची रिमं आणून घातली होती आणि डिकीत आवाजाचा एवढा थोरला बॉक्स बसवला होता की त्यात हातरुमालसुद्धा ठेवायला जागा उरली नव्हती. लग्न होऊन वर्ष झालं तरी बायकोसाठी त्यानं एवढी यातायात केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

नानासोंना मात्र हे मागणं ऐकून बरंच वाटलं. फौजेत चोवीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढली होती, हवालदार म्हणून घरी आले होते. सोन्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, टायरमधलं सगळं कळत होतं. एकुलत्या एका पोरीच्या सासरी आपल्याला कळणाऱ्या विषयावर चार शब्द बोलायची पाळी पहिल्यांदाच येत होती. बायकोला, राहीबाईंना, ते म्हणालेसुद्धा, "पाव्हणं काय वाईट न्हाईत. हौशी हायत."

टायर साताऱ्यात घ्यायचे ठरले. नानासो आदल्या दिवशी विट्याला मुक्कामाला गेले आणि सकाळी तिघं निघाले. वीरधवल चालवायला, नानासो पुढं, आणि मागच्या सीटवर लेक संयोगिता. तिला पाचवा महिना लागला होता. परत जाताना वाटेत आईला उभ्या उभ्या भेटता येईल म्हणून ती आली होती.

गावाबाहेरच्या पहिल्याच स्पीडब्रेकरपाशी गाडी थांबली. संयोगिता दार उघडून उतरली. नानासोंना वाटलं, पोरीला मळमळतंय. ते दाराच्या कडीला हात घालणार तोच वीरधवल म्हणाला, "तुमी बसा मामा. पुढं घासत न्हाई." त्यानं गाडी तिरकी करून एकेक चाक हळूच पलीकडं उतरवलं. संयोगिता रस्त्याच्या कडेनं चालत आली, दार उघडून परत बसली. पुढच्या स्पीडब्रेकरला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. तिसऱ्या खेपेला ती गाडी थांबायच्या आतच पदर सावरून तयार बसली होती.

"मागं माणूस बसलं की टायर मडगार्डला घासतोय," वीरधवलनं खुलासा केला. "साईडवॉल, टायरची बाजू, कापून निघंल. म्हणून तर नवी साईझ पायजे."

"बॉक्सचं बी वजन आसंल की," नानासो जपून म्हणाले.

"बॉक्स फिटिंगचा हाय मामा. तो निघत न्हाई."

साताऱ्यापर्यंत तेवीस स्पीडब्रेकर लागले. नानासोंनी मोजले. शाळा असलेल्या गावांना दोन-दोन होते, एका गावानं तर कुणा पुढाऱ्याच्या घरासमोर तिसरा घातला होता. प्रत्येक ठिकाणी पोरगी उतरली, उन्हातनं चालली, परत बसली. पारावरची माणसं बघत होती. एक म्हातारा हसून काहीतरी बोललाही. संयोगितानं एकदाही बापाकडं बघितलं नाही, आणि नानासोंनीही काच वर करून रस्त्याकडंच बघत राहायचं ठरवलं. मुलीच्या बापानं अशा वेळी काय करायचं असतं ते फौजेत कुणी शिकवलेलं नव्हतं.

बोलायचं म्हटलं तर बोलता येत होतं. पण गेल्या दिवाळीला ते एवढंच बोलले होते की पोरगी जरा वाळलेली दिसती. त्यावर संयोगिताच्या सासूनं, भामाबाईंनी, महिनाभर तिच्या ताटात भाकरी टाकताना "घे, वाळलीयास न्हवं" असं म्हणून तिचा घास कडू केला होता. त्या घरात नानासोंचा शब्द गेला की त्याचा दगड व्हायचा आणि तो पोरीच्याच डोक्यात बसायचा. तेव्हापासून ते हवापाण्यापलीकडं काही बोलत नसत.

टायरचं दुकान हमरस्त्याला होतं. मालक आकाराम, नानासोंचा फौजेतला जुना सोबती. मनात आलं ते बोलून टाकणारा माणूस. त्यानं गाडीला एक फेरी मारली, मागच्या मडगार्डमध्ये बोटं घातली आणि काळा भुगा बाहेर काढून दाखवला.

"हे दोनशे पंधराचं टायर हायत," तो म्हणाला. "आठ इंची रिमाला हीच साईझ बरोबर. चूक टायरची न्हाई, गाडी लय खाली बसलीया. एक इंच वर उचला, सगळं मिटतंय."

"वर उचलायची आसती तर जीप घेतली आसती," वीरधवल म्हणाला.

"मग मडगार्डची कड आतनं वळवून देतो. रंगाला जरा तडा जाईल."

"रंगाला हात लावायचा न्हाई."

आकारामनं नानासोंकडं बघितलं. नानासो खाली बघत होते. "मग राहिलं एकशे पंच्याण्णव," आकाराम म्हणाला. "रिम वीस सेंटिमीटरचं आणि टायर साडेएकोणीसचा. म्हंजे टायर ताणून बसवायला लागणार. कडा आत जात्यात, घासणार न्हाई, दिसायलाबी तुमाला पायजे तसं दिसंल. पण दोन गोष्टी. हवा छत्तीसच्या खाली जाऊ द्यायची न्हाई. हवा उतरली की ताणलेला टायर वळणावर रिम सोडतोय. आणि वजन जपायचं. ह्या टायरवर शहाऐंशी आकडा हाय, म्हंजे एक टायर पाचशे तीस किलो उचलतोय. त्या बारक्यावर ऐंशी. साडेचारशे."

इथं नानासोंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोरीला उतरवू नका, ती पोटुशी आहे, हे त्यांना म्हणता येत नव्हतं. पण टायरची भाषा त्यांना येत होती. साडेचारशे गुणिले चार म्हणजे अठराशे, एवढ्यात ही गाडी पाच माणसांसकट आरामात बसते, हा हिशोब त्यांनी मनात केला आणि मनातच ठेवला. मग खाकरून, वर्कशॉपमध्ये पोरांना दम देताना लावायचे तो आवाज लावून ते म्हणाले, "पाव्हणं, एकशे पंच्याण्णवच घ्या. पण एक ध्यानात ठेवा. ताणलेला टायर हाय. मागं शंभर किलोच्या वर वजन न्यायचं न्हाई. एक किलोबी न्हाई."

आकारामची भुवई वर गेली. नानासोंनी त्याला डोळ्यानं दाबलं. तो काय समजायचं ते समजला आणि जॅक आणायला वळला.

बॉक्स पासष्ट किलोचा होता, वीरधवलनंच वाटेत फुशारकीनं सांगितलं होतं. संयोगिता साठ किलोच्या आसपास. दोन्ही मिळून शंभरात बसत नव्हते. आता बॉक्स निघणार, पोरगी ऐसपैस बसणार, आणि तिच्या बापानं तोंडातनं ब्र काढला असं कुणी म्हणू शकणार नाही. आपल्या हुशारीवर नानासो मनातल्या मनात खूश झाले. फौजेतनं आल्यापासून एवढं नेमकं काम त्यांच्या हातनं झालं नव्हतं.

"शंभर," वीरधवल मान हलवत म्हणाला. "म्हंजे एक कायतरी कमी करायला पायजे."

"व्हय. तेवढं बघा."

"बघतो की. आजच्या दिवस हळू नेतो."

टायर बसले. दुकानाबाहेरच्या स्पीडब्रेकरवरनं गाडी संयोगितासकट गेली आणि कुठं घासल्याचा आवाज आला नाही. मागच्या काचेतनं ती बापाकडं बघून हसली. वर्षात पहिल्यांदा. नानासोंनी दुकानाच्या पायरीवर उभं राहून ते हसू बघितलं आणि टायरचे पैसे मोजताना त्यांना एक रुपयासुद्धा जड गेला नाही.

पंधरा दिवसांनी धोंडा घातला. अंगणात मांडव, भावकीतली पंचवीस-तीस माणसं, राहीबाईंनी तेहेतीस अनारसे मोजून तांब्याच्या ताटात रचलेले. अकराला गाडी आली. पुढं वीरधवल आणि त्याच्या शेजारी भामाबाई. मागची सीट मोकळी.

नानासोंनी मागच्या दाराकडं दोनदा बघितलं. "संयोगिता?"

"येतीया की एस्टीनं," वीरधवल उतरता उतरता म्हणाला. "तुमीच न्हाई का सांगितलं मामा, मागं शंभरच्या वर न्यायचं न्हाई म्हणून. बॉक्स पासष्टचा."

"बॉक्स काढायचा हुता की," नानासोंच्या तोंडून कसंबसं निघालं.

"बॉक्स काढायचा म्हंजे कोईमतूरला न्यायला लागतोय. हिला काय, एस्टी हाय."

भामाबाईंनी पदर नीट केला. "आमी बाई नियम पाळतो," त्या जमलेल्या बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. "माहेरच्या माणसानं घालून दिलेला नियम. मोडला तर उद्या म्हणायला नगं, आमच्या शब्दाला किंमत न्हाई."

वीरधवल भावकीतल्या पुरुषांना चाकं दाखवण्यात गुंतला. खिशातनं हवा मोजायचं काट्याचं यंत्र काढून त्यानं चारी टायरची हवा मोजून दाखवली. छत्तीस, छत्तीस, छत्तीस, छत्तीस. व्हॉल्वला लाल रंगाची नक्षीदार टोपणं होती, तीसुद्धा कोईमतूरची. "पोरांनी हात लावला न्हाई पायजे, मामा. तुमी जरा ध्यान द्या," असं त्यानं बजावलं. नानासोंनी मान हलवली.

संयोगिता आली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. दोन एस्ट्या बदलून फाट्यावर उतरली आणि तिथनं दीड किलोमीटर चालत. ज्येष्ठाचं ऊन, पायात पातळ चपला, पायांवर घोट्यापर्यंत फुफाटा. येताच तिला वीरधवलच्या शेजारी पाटावर बसवलं. या महिन्यात लेक आणि जावई म्हणजे लक्ष्मीनारायण, आणि त्यांचे पाय आईबापानं धुवायचे. नानासोंनी परातीत जावयाचे पाय धुतले. ते लोण्यासारखे स्वच्छ होते. मग लेकीचे हातात घेतले. सुजून टणक झाले होते, चपलेच्या पट्ट्याचा वळ वर उठला होता. पाणी ओतलं तसं परातीत लाल गढूळ पाणी झालं. नानासो पाण्यावर पाणी ओतत राहिले, राहीबाईंनी दोनदा कोपर लावलं तेव्हा थांबले.

"लक्ष्मी चालत आली म्हणायची," भामाबाई म्हणाल्या. दोन-चार बायका हसल्या.

जेवणं चालू असताना नानासोंनी लेकीला परसात, चुलवणाच्या आडोशाला गाठलं. "कवापासनं चाललंय हे?"

"टायर घातल्याच्या दुसऱ्या दिवसापासनं."

"दवाखान्यात?"

"एस्टीनंच. आत्याबाई पुढं बसून येत्यात, मी मागनं पोचते." ती अगदी साध्या आवाजात सांगत होती, जणू शेजारणीची हकिकत. "दर सोमवारी धान्याच्या काट्यावर उभी करत्यात. पहिल्या खेपेला साठ भरले. परवा बासष्ट. आत्याबाई म्हणत्यात, पस्तिसावर आलीस की बस गाडीत. तुजा बाप फौजी हाय, त्यानं मोजूनमापूनच सांगितलं आसंल."

नानासोंच्या अंगाची आग झाली. संताप, शरम, कशाची ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. पस्तीस किलो. पोरगी पाचवीत होती तेव्हा तेवढी होती. "मी आत्ता जाऊन बोलतो," ते म्हणाले. "खोटं हुतं ते. शंभर किलोचं मी मनानं सांगितलं. बॉक्स काढावा म्हणून सांगितलं."

संयोगितानं त्यांच्याकडं बघितलं. रागानं नाही, दमून. "नगा बोलू आबा. तुमी बोललासा की त्या घरात नियम हुतोय."

ती पंगतीत तूप वाढायला निघून गेली.

नानासो अंगणात आले. सगळी माणसं मांडवात ताटांवर. गाडी मांडवाच्या पलीकडं, लिंबाच्या सावलीत. जवळ कोणी नव्हतं. आतनं वीरधवलचं मोठ्यानं हसणं ऐकू आलं आणि त्या हसण्यानं पुढचं सगळं ठरवलं. नानासो मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसले. लाल टोपण काढलं, लिंबाची काडी मोडली आणि व्हॉल्वच्या पिनेवर दाबून धरली. हवा बारीक आवाज करत निघाली. आकारामचं बोलणं त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं. पुढं पुसेसावळीच्या अलीकडं तीन वळणं आहेत, दुसऱ्या वळणाला डाव्या अंगाला ओढा आहे, हेही आठवत होतं. पोरगी गाडीत नसणार हे तर सगळ्यात आधी आठवलं. गाडीत दोघंच, ज्यांनी तिला काट्यावर उभी केली ते. चोवीस वर्षांत त्यांनी हजारो टायर बघितले होते, किती हवा गेली हे त्यांना कानानं कळत होतं. अठराच्या आसपास आली तेव्हा त्यांनी काडी काढली. ताणलेला टायर बारका असल्यानं वरनं बसल्यासारखा दिसतही नव्हता. मागं कुणाची तरी चाहूल लागली, तसं टोपण लावायचं सोडून ते खिशात टाकून नानासो उठले आणि गाडीच्या बॉनेटवरची धूळ पंच्यानं झटकू लागले.

निघायच्या वेळी घोळ झाला. नानासोंची चुलती हरणाबाई, ऐंशीची म्हातारी, तिला कुणाची भीडभाड नव्हती. अनारशांचं ताट गाडीत मागच्या सीटवर ठेवलेलं आणि संयोगिता पिशवी घेऊन फाट्याकडं निघालेली बघून ती मांडवाच्या मधोमध उभी राहिली. "आवं विहीणबाई," ती म्हणाली, "आमी आत्ता जोड्यानं लक्ष्मीनारायण पुजलं. नारायण गाडीत आणि लक्ष्मी एस्टीत? अनारशाला जागा हाय आणि बाईला न्हाई?"

सगळ्या बायका बघायला लागल्या. पुरुषांनीही माना वळवल्या. भामाबाईंचा चेहरा उतरला, मग त्यांनी हसू आणलं. "बसंल की. मी कुठं नगं म्हणतीया. ए संयोगिता, ये बाई, बस. आजच्यापास्नं बसत जा. एवढ्या मोठ्या माणसांचा शब्द कशाला मोडायचा."

वीरधवल कुरकुरला, पण भावकीसमोर त्यानंही मान हलवली. अनारशांचं ताट भामाबाईंनी मांडीवर घेतलं. संयोगिता परत फिरली, मागचं दार उघडून आत बसली. तिनं हरणाबाईकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि दिवसभरात पहिल्यांदा पाठ टेकून नीट बसली. आजच्यापास्नं, असं सासू तीस माणसांसमोर म्हणाली होती. आता ते मागं घेणं तिलाही जड गेलं असतं.

नानासो गाडीपाशी आले. खिशात टोपण होतं. चाकात हवा कमी आहे, एवढं सांगायचं होतं. पण सकाळी याच सगळ्यांसमोर यंत्रानं छत्तीस दाखवली होती. ध्यान द्यायला नानासोंना सांगितलं होतं. गाडीपाशी दुसरं कुणी गेलेलं नव्हतं. वीरधवल यंत्र लावणार, अठरा बघणार, आणि मग व्याही-भावकी-गाव सगळं त्यांच्या तोंडाकडं बघणार. सासऱ्यानं जावयाच्या जिवावर उठावं, तेही धोंड्याच्या दिवशी. गाडी सुरू झाली. बॉक्समधनं गाणं वाजायला लागलं. घाबरलेल्या माणसाच्या हाताला जे लागतं ते तो उचलतो, आणि नानासोंच्या जिभेला एकच शब्द तयार होता.

"थांबा," ते मागच्या काचेवर हात मारत ओरडले. "वजन जास्त हुतंय. संयोगिता, उतर."

संयोगिता बापाकडं बघत राहिली. तिला ऐकू आलं नसावं असं वाटून त्यांनी दार उघडलं आणि परत म्हटलं, "उतर बाळ. शंभरच्या वर जातंय."

ती उतरली. पिशवी तिनंच काढून घेतली.

"बघा," भामाबाई काच खाली करून हरणाबाईला म्हणाल्या. त्यांच्या आवाजातला आनंद लपत नव्हता. "बापच म्हणतोय. आता आमी काय करायचं सांगा." वीरधवल हसला, "मामांना टायरमधलं कळतंय," म्हणाला आणि गाडी गेली.

"काय माणूस हायसा तुमी," राहीबाई म्हणाल्या. तेवढंच.

नानासोंनी स्कूटर काढली आणि लेकीला बळंच मागं बसवून फाट्यावर आणलं. एस्टीच्या शेडमध्ये दोघं उभे राहिले. तिनं काही विचारलं असतं तर बरं झालं असतं. नानासोंच्या गळ्याखाली घाम उतरत होता, तो पुसायला त्यांनी खिशातनं रुमाल ओढला आणि त्याबरोबर लाल टोपण सिमेंटवर पडून तिच्या पायापाशी गेलं.

संयोगितानं ते उचललं. वर्कशॉपवाल्याची लेक होती, लहानपणी बापाच्या मांडीला मांडी लावून तिनं पंक्चरं बघितली होती. तिला काही समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं एकदा टोपणाकडं बघितलं, एकदा बापाच्या हातांकडं, आणि फोन काढला.

"कुठवर गेलासा?" तिनं विचारलं. "थांबा जिथं हाय तिथं. मागच्या डाव्या चाकात हवा न्हाई... व्हय, माज्या नजरंनं बघितलं. वळणाच्या आत थांबा."

पलीकडं गाणं बंद झालं. मग दार आपटल्याचा आवाज, मग वीरधवलचं ओरडणं, इतकं मोठं की नानासोंना दोन हातांवरनं शब्द कळत होते. अठरा दाखवतंय. टोपण गायब हाय. कुणी काढली हवा. कुणी काढली, सांग.

संयोगितानं बापाकडं बघितलं. घाई केली नाही, नजर लावून थांबली. फोन दोन हातांवर होता. मी काढली, एवढं बोलायचं होतं, दोन शब्द. नानासोंच्या मनात ते आले. त्यांना भावकी दिसली, चावडी दिसली, गावातनं मान खाली घालून जाणारे आपण स्वतः दिसलो. त्यांनी रस्त्याकडं बघितलं.

"मी," संयोगिता फोनमध्ये म्हणाली.

त्यानंतर पलीकडनं जे आलं त्यात भामाबाईंचाही आवाज होता. जिवावर उठली, म्हणून तर बाप उतरवत हुता, त्याला म्हाईत हुतं हिचं. मग वीरधवल म्हणाला ते अगदी स्पष्ट ऐकू आलं. "ऱ्हा तिकडंच. परत पाय ठेवू नगंस." फोन बंद झाला.

विट्याकडं जाणारी एस्टी आली, थांबली. कंडक्टरनं दारातनं विचारलं. संयोगितानं नाही म्हणून मान हलवली आणि एस्टी गेली.

"मी सांगतो त्यांना," नानासो म्हणाले. "उद्या जाऊन सांगतो, मी केलं म्हणून."

"बरं," ती म्हणाली. ते जाणार नाहीत हे दोघांनाही माहीत होतं.

"ऊन लय हाय. चल घरी."

ती स्कूटरवर बसली. गावात शिरताना शाळेपुढं स्पीडब्रेकर आहे. नानासोंनी वेग कमी केला तसा पाठीवर तिचा हात लागला. "थांबवा," ती म्हणाली. त्यांनी पाय टेकले.

"आगं बस की," नानासो म्हणाले. "स्कूटर हाय ही."

ती उतरली होती. पिशवी खांद्याला लावून ती स्पीडब्रेकरच्या कडेनं पलीकडं गेली, आणि परत येऊन न बसता तशीच घराच्या दिशेनं चालत राहिली.